अंथरूण पाहून लंडन

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्याने काढली तो गृहस्थ बहुधा निजायच्या तयारीत असावा. प्रवासाला निघालेल्या माणसाचे पाय अंथरुणात राहून कसे चालेल? पण म्हणही मोडायची नाही आणि बेतही मोडायचा नाही, अशा दुहेरी हट्टाने गेले वर्षभर आमच्या कुंडलच्या घरात लंडनचा बेत शिजतो आहे. जायचे आहे पुढल्या दिवाळीच्या सुटीत. तिकीट अजून काढलेले नाही. जमाखर्चाची वही मात्र अर्धी भरली. आणि घरातल्या माणसांविषयी जे अठरा वर्षांच्या संसारात मला कळले नव्हते, ते या वहीने सांगितले.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर परिचयाचे आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते, हे द्राक्षबाग पाहतात, लेक अकरावीत आहे, आणि सासूबाई आम्हा तिघांकडे पाहतात. लंडनसाठी पैसे आहेत ते माझ्या भिशीचे. आठ वर्षांत पावणेतीन लाख रुपये जमले. एवढ्या पैशांवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. गच्ची पावसाळ्यात गळते, ती सांगते. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालायचे राहिले आहे, ते सांगते. आणि नातेवाईक तर विचारतातच, “एवढा खर्च करून तिथं मिळणार काय?” या प्रश्नाला चटकन देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही. गच्चीला उत्तर असते, लंडनला नसते.

मग लंडनच का? सिंगापूर जवळ आहे, स्वस्तही आहे. पण आमच्या मुलखाचे आणि लंडनचे जुने देणेघेणे आहे. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे चौदा वर्षे राहिले. १८४७ साली महाराज काशीत निवर्तले, पुढच्या वर्षी साताऱ्याचे राज्यच खालसा झाले, पैशांचा झरा आटला. तरी हा वकील कंपनीच्या दारात आपली कैफियत मांडीत राहिला. परतीची तारीख ठाऊक नसलेला, कर्जावर चाललेला तो मुक्काम! आपण आठ दिवसांचा हिशेब करताना कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा रंगो बापूजींची आठवण ठेवणे बरे.

दुसरे प्रवासी माझ्याच व्यवसायातले. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचे नाव दाखल झाले ते बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनॅहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई, आणि रात्रीची भूक पापडावर भागवावी लागे, असे त्यांच्या चरित्रात आहे. त्या उपासमारीत प्रबंध कोणत्या विषयावर लिहिला? रुपयाच्या प्रश्नावर! प्राध्यापकाने शिल्लक टाकून लंडन गाठावे, याला आमच्या व्यवसायात एवढा मोठा दाखला आहे. फरक इतकाच की त्यांना तिथे मिळवायचे होते, आम्हाला नुसते पाहायचे आहे.

आमच्या आधीच्या पिढीची अडचण निराळी होती. देशात परकीय चलनाचा दुष्काळ. सत्तरच्या दशकात परदेशी जाणाऱ्याच्या हाती आठ डॉलर पडत. पुढे नातेवाईक, मंडळ किंवा देव. आज सरकारची तशी आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्याच खिशाची. म्हणून वहीकडे वळू.

पहिले कलम व्हिसा. २०२५ च्या एप्रिलपासून सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाला माणशी १२७ पौंड पडू लागले. पौंडाला मी १२५ रुपये धरते. उतरला तर आनंद, चढला तर धक्का कमी. म्हणजे माणशी सोळा हजार. शिवाय बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची खेप. यातला खरा काटा असा की नकार आला तर फी परत मिळत नाही. तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढायचे नाही, हा आमच्या वहीतला पहिला नियम. दुसरा नियम भिशीवाल्या बायकांसाठी. पैसे अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात बँकेत भरले, तर ते कुठून आले असा प्रश्न तिकडच्या साहेबाला पडतो. म्हणून भिशीचे पैसे मी वर्षभर आधीच खात्यात घातले. सोबत पगाराच्या पावत्या आणि कॉलेजचा ना हरकत दाखला. आपण परत येणार आहोत, हे कागदावर पटवून द्यावे लागते. कुंडलच्या माणसाला याचे हसू येते. आम्ही बाग सोडून सांगलीलाही मुक्कामाला राहत नाही!

दुसरे कलम विमान. किर्लोस्करवाडीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, आणि तिथून वाटेत एक विमान बदलून लंडन. थेट विमान बहुधा महाग. नोव्हेंबरात गर्दी कमी, म्हणून दोघींना एक लाख दहा हजार धरले. तिसरे कलम राहणे. उन्हाळ्यात तिथली विद्यापीठे वसतिगृहाच्या खोल्या पाहुण्यांना देतात. पण आमची सुटी दिवाळीची, तेव्हा तो लाभ नाही. गावाच्या कडेला, बसच्या वाटेवर एखादी साधी खोली, रात्रीला ७० पौंड, सात रात्री: एकसष्ट हजार.

फिरण्याचे शास्त्र मात्र मौजेचे आहे. विमानतळावरून शहरात नेणारी खास जलद गाडी आहे. तीच वाट पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी निम्म्याहून कमी पैशांत नेते, फक्त वेळ अधिक घेते. शहरात बस. २०२५ साली एका फेरीला पावणेदोन पौंड, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात हव्या तितक्या बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख घेतच नाहीत, कार्ड टेकवायचे. लेकीने हे सारे कोळून प्यायले आहे. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की पर्यटकांच्या महागड्या गाडीची गरज नाही, असा तिचा सिद्धान्त आहे.

पाहण्याचे म्हणाल तर लंडन हे गरिबाला उदार शहर आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ सालापासून लोकांना खुले आहे. तिथे, नॅशनल गॅलरीत आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे फुकट पाहायला मिळणार, याचा आनंद मानावा की ती तिथे का आहेत याचे दुःख, हे तिथे उभे राहिल्यावर ठरवू. नोव्हेंबरात तिकडे सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. म्हणून सकाळचा उजेड पायी हिंडण्याला आणि अंधार संग्रहालयांना, अशी वाटणी केली आहे. शुक्रवारी ही मोठी संग्रहालये रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. तो शुक्रवार वहीत लाल शाईने लिहिला आहे. एक सकाळ किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरासाठी. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले, आता तिथे स्मारक आहे. जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. तिच्यावरून सारे लंडन दिसते आणि चढायला पैसे पडत नाहीत.

खाण्याला पंचवीस हजार, फिरण्याला बारा हजार, विमा, खेपा आणि सटरफटर वीस हजार. व्हिसाचे बत्तीस धरून बेरीज दोन लाख साठ हजार. उरले पंधरा हजार. ते लेक म्हणाली खरेदीला, मी म्हटले नाटकाला. १९५२ साली लागलेले अगाथा ख्रिस्तीचे ‘माऊसट्रॅप’ तिथे अजून चालू आहे. २०२० च्या साथीत काय तो खंड पडला. मराठी माणसाने लंडनला जाऊन नाटक पाहू नये, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवण्यासारखे! खाण्यात कात्री लावू, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी इथून नेऊ, पण नाटकाला लावणार नाही. थोड्या पैशांत प्रवास करणाऱ्याने हे एक कलम आधी ठरवावे, आणि मग बाकीची आपोआप आखडतात, असा माझा अनुभव आहे.

येथवर वही सोपी होती. चाणाक्ष वाचकांनी मघाच ताडले असेल की माणसे घरात चार आणि हिशेब दोघींचा. अवघड पान तेच. चौघांचा खर्च पाच लाखांपलीकडे जातो. मी आधी म्हटले, आणखी थांबू, सगळे मिळून जाऊ. पण आणखी आठ वर्षांनी लेक कुठे असेल, सासूबाईंचे गुडघे कुठे असतील? यांचे गणित तर निराळेच. बागेची छाटणी ऑक्टोबरात. नोव्हेंबर म्हणजे वेल फुलोऱ्यात. अवकाळी पाऊस आला तर दावण्या रोग रात्रीतून घड खातो. माझी सुटी असते तेव्हाच यांना क्षणाची उसंत नसते. मेमध्ये हे थोडे मोकळे होतात, तर तेव्हा विमानाचे भाडे चढलेले. कॅलेंडर आणि पैसा यांची अशी युती झाली की मध्यमवर्गीय माणूस काय करतो? बेत पुढे ढकलतो. मीही वही मिटायला निघाले होते.

ती उघडी ठेवली सासूबाईंनी. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “चौघांची मोट बांधत बसलीस तर विहिरीवरच ऱ्हाशील. तू आन् पोरगी जावा. मी हाय, ह्यो हाय. घर काय पळून जात न्हाई.”

“पण आई, तुम्हाला नाही वाटत जावंसं?”

“वाटतंय की. वाटायला काय पैसं पडत्यात?”

या उत्तरावर मी आठ दिवस गप्प होते. त्यांना वाटत नसेल, अशी सोयीची समजूत मी मनाशी केली असती. त्यांनी ती करू दिली नाही. इच्छा आहे हे सांगितले आणि ती कोणाच्या गळ्यात अडकवली नाही. घरातल्या थोरांनी त्याग करावा आणि धाकट्यांनी तो न दिसल्यासारखे करावे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यापेक्षा हे बरे. निदान कोण कोणाच्या वाटणीचे पाहायला चालले आहे, ते दोघींनाही ठाऊक आहे.

म्हणून आम्ही वहीत नवे पान केले: ‘मागे राहणाऱ्यांची मागणी’. सासूबाईंची मागणी विलक्षण आहे. २०२४ साली लंडनहून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा एस.टी.च्या सवलतीच्या तिकिटात आम्ही ती पाहून आलो. ती महाराजांचीच का, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. सासूबाईंनी तिथे दोन वेळा हात जोडले. आता म्हणतात, “ती हिकडं हायेत म्हंजे तिकडं त्यांची जागा मोकळी असंल. ती मोकळी जागा बघून या.” व्हिक्टोरिया अँड आल्बर्टच्या मार्गदर्शक पुस्तकात असे प्रेक्षणीय स्थळ नसेल. आमच्या यादीत ते पहिले आहे.

हे बरेच दिवस काही बोललेच नाहीत. मग एका रात्री फवारणीहून आले, हातपाय धुतले आणि वही मागून घेतली. आपल्या भागातली द्राक्षे दरसाल त्या देशात जातात. शीतपेटीत बसून साहेबाच्या दुकानात पोचतात. माल तिथवर गेला, मालक कधी गेला नाही. नोव्हेंबरात आपला माल नसणार, हे यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. तरी दुकानातली पेटी कोणत्या देशाची आहे, घडाचा रंग कसा आहे, मणी केवढा आहे, वर भाव काय लावला आहे, हे सारे टिपून आणायचे आहे. खर्चाच्या यादीत तळाशी यांनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली: ‘द्राक्षे, अर्धा किलो, ३ पौंड. खाऊन बघणे.’

बेरीज त्यामुळे पावणेचारशे रुपयांनी वाढली. लेकीने ती मुकाट्याने खरेदीतून वळती केली.