टिळकांच्या घरातली शिल्लक

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की नगर शहरात दिल्ली गेटपासून सावेडीपर्यंत फ्लेक्स लागतात. गावाकडे गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो. आनंद खराच असतो आणि तो साजरा व्हायलाच हवा. पण ज्यांचे नाव यादीत नसते, ती मुले त्या दिवशी अभ्यासिकेकडे फिरकत नाहीत आणि घरीही उशिरा परततात. दोन गुणांनी कटऑफ हुकलेल्या, चौथा अटेम्प्ट देऊन बसलेल्या मुलाला घरचे म्हणतात, ‘होईल पुढच्या वेळी.’ पुढच्या वेळीही झाले नाही तर त्याने कशाच्या बळावर उभे राहायचे, हे त्याला कुणी सांगत नाही.

याच जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एका घराने हा प्रश्न जगून पाहिला. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचे पंडित, वक्ते आणि कवी म्हणून त्यांचे नाव तरुणपणीच झाले होते. नागपूरला आप्पासाहेब बुटींसारख्या श्रीमंत आश्रयदात्याकडे त्यांना विद्वत्तेचे काम मिळाले होते. जग ज्याला उत्कर्ष म्हणते, त्याची वाट समोर मोकळी होती. १८९३ साली नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघालेले टिळक रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी बोलत बसले आणि उतरताना त्यांच्या हाती नवा करार आला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. तिथे धन्य कोण? तर दीन, शोक करणारे, छळले गेलेले. यशस्वी माणसाचे त्या यादीत नावही नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, तर रेव्हरंड तुकारामजी नाथोजी या भारतीय पाळकाच्या हातून. त्यानंतर ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी नगरला आले. येताना नातलग, जात, प्रतिष्ठा सारे मागे सुटले होते. सर्वांत जवळचे माणूसही सुटले होते.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून घरात आलेली वस्तू पाण्याने शुद्ध झाल्याशिवाय चालत नसे. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. अशा बाईच्या कानावर एके दिवशी नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली. त्यांच्या लेखी तो मेल्याहून वाईट झाला होता. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपूरलाही राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या त्याही आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. धर्मांतराच्या चर्चेत दोन्ही बाजूंचे आवाज आज इतके चढलेले असतात की ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. प्रेमाने माणूस बदलतो असे मानणाऱ्याला वाट पाहावी लागते, आणि टिळकांनी ती पाहिली.

लक्ष्मीबाईंमधला बदल आधी स्वयंपाकघरात झाला, प्रार्थनाघरात नंतर. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. उत्तर सापडल्यावर ज्यांची सावली माहेरी चालत नव्हती, त्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या वर्षांत नगर जिल्हा दुष्काळाने आणि प्लेगने पिळून निघत होता. टिळकांच्या घरी पोरक्या मुलांचा राबता असे. पगार तुटपुंजा, आणि हाती आलेला पैसा टिळक वाटेतच कुणा गरजूच्या हातात ठेवून येत. भक्तिभावाने चरित्र लिहिणारे याला औदार्य म्हणून मोकळे होतात. पण चूल पेटवायची होती लक्ष्मीबाईंना. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना ती ओढाताण पानोपानी दिसते आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. ख्रिस्ताच्या प्रेमाने या घरातली गरिबी हटली नाही. लहानपणीच गेलेली अपत्ये परत आली नाहीत. नवऱ्याचा तापट स्वभावही एका रात्रीत निवळला नाही. ख्रिस्ताकडे वळलात की कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, धंदा चालेल असे सांगणारे प्रचारक आज गावोगावी भेटतात. टिळकांच्या घरात त्यांच्या दाव्याला टेकायला जागा सापडत नाही.

मग त्या घरात होते काय? प्लेगच्या छावणीत जायला माणसे धजत नव्हती. जवळचे नातलगही रोग्याला सोडून पळत होते. तिथे लक्ष्मीबाई गेल्या आणि रोग्यांची शुश्रूषा करत राहिल्या. लहानपणी बाहेरच्या स्पर्शाची धास्ती बाळगत वाढलेली ही बाई! पदवी, पगार किंवा वाहवा यांच्या बळावर माणूस अशा जागी टिकत नाही. आपल्यावर आधीच कुणीतरी जीव टाकला आहे, तोही आपल्या लायकीचा हिशेब न करता, ही खात्री असली तर टिकतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा हाच आहे. तिचा नायक जगाच्या हिशेबाने पूर्ण अपयशी आहे. मित्र पळाले, एकाने ओळखही नाकारली, आणि अखेर तो दोन गुन्हेगारांच्या मध्ये वधस्तंभावर मेला. पराभूत माणसाला अशा देवापाशी जायला संकोच वाटत नाही.

त्या घराचे दार बाहेरच्यांनाही उघडे होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी नगरला याच घरात राहिले, मुलासारखे वाढले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या ताटातले काही कमी झाले नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे: देवाच्या प्रेमाची ही भाषा गरिबाला गप्प बसवते, हक्क मागायचे सोडून सहन करायला शिकवते. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींपुढे हा आक्षेप कोरडा राहत नाही. इथले बहुसंख्य ख्रिस्ती एकेकाळच्या अस्पृश्य समाजांतून आलेले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. श्रीरामपूर-राहुरीकडच्या एखाद्या मुलाला चर्चच्या नोंदवहीतले आपले नाव आणि सवलतीचा दाखला यांतून निवड करावी लागते. हा अन्याय आहे. ख्रिस्ताच्या प्रेमाचे नाव पुढे करून तो झाकणे हा दुसरा अन्याय होईल.

पण टिळक गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ज्या मिशनचे मीठ खात होते, त्याच मिशनमधल्या गोऱ्यांच्या वरचष्म्याविरुद्ध ते बोलले. भारतीय चर्च भारतीयांनी चालवावे, देवाची आराधना अभंगात आणि कीर्तनात व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. आपली किंमत साहेबाच्या शाबासकीवर ठरत नाही, हे ज्याला आतून कळले आहे, त्यालाच साहेबासमोर ताठ उभे राहता येते. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. सगळे ख्रिस्ताचे शिष्य.

दरबार भरला नाही. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. नाव झालेला पंडित सत्तावन्नाव्या वर्षी संपला तेव्हा त्याच्याकडे संपत्ती नव्हती, संस्था नव्हती. ज्या महाकाव्यावर त्यांचा जीव होता ते ‘ख्रिस्तायन’ही अर्ध्यावर राहिले होते. आजच्या फ्लेक्सवर यातले काहीच छापता येणार नाही.

ते ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. अक्षरओळख ज्यांना नवऱ्याकडून झाली, त्यांनी त्याचा उरलेला मोठा भाग लिहून काढला. त्यांचे स्वतःचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले आणि साध्या बोलीत लिहिलेल्या त्या आठवणींनी मराठी आत्मचरित्राची उंची वाढवली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या तेव्हा पुस्तकाचा शेवटचा भाग अपुराच होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला.

आज रविवारी राहुरीला किंवा नगरच्या ह्यूम मेमोरिअल चर्चमध्ये मंडळी ‘उपासना संगीत’ उघडतात तेव्हा त्यातल्या कितीतरी गीतांखाली टिळकांचे नाव असते. पेटी आणि तबल्याच्या साथीने गाणाऱ्यांत सेवानिवृत्त शिक्षक असतात, दवाखान्यातल्या नर्स असतात, उसाच्या रानातून आलेल्या मजूर बायका असतात. मागच्या बाकावर कधी यादीत नाव न आलेला एखादा मुलगाही असतो. गीत सुरू झाले की शेजारचा माणूस पुस्तक त्याच्याकडे सरकवतो आणि ओळीवर बोट ठेवतो.