सांडव्यातल्या गोण्या

आमच्या खुलताबाद तालुक्यात दुःख आहे ते पाणी नसल्याचं. त्यामुळं कुणी पाणी अडवलं म्हणलं की आम्ही हात जोडतो, बांधाच्या खाली कोण राहतं ते बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

वस्तीच्या वरच्या अंगाला नाल्यावर एका मालकाचा मातीचा बंधारा आहे, तीसेक वर्षांचा. आधी शेतीसाठी होता, आता हौसेसाठी. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात, हुरडा खातात, बोटीत बसतात. बसू द्या. पण बोट तरंगावी म्हणून सांडव्यात गोण्या रचून पाणी दीड हात चढवलंय, भांडण त्याचं आहे. सांडवा बुजला की पुराचं पाणी भरावावरून जातं, आणि मातीचा भराव ते सोसत नाही. वर बाभळी माजल्यात. मूळ कुजलं की पाण्याला वाट सापडते. पायथ्याला पाझर पहिल्यापासून आहे. नितळ होता तोवर मी भ्यालो नाही. गेल्या भादव्यात तो गढूळ आला. गढूळ म्हणजे आतली माती निघून चालली.

मालकाचा माणूस म्हणाला, "काका, तीस वर्षांत काही झालं नाही."

कचेरीत गेलो. साहेब भले, चहा पाजला. म्हणाले, "२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरवरच्या धरणांना. दहा ते पंधरामधली काही मोठी बसतात. तुमचा दहाच्या आत."

मी दहावी शिकलेला, पण धोक्याची वर्गवारी कशी करतात ते विचारून घेतलं. धरण पक्कं की कच्चं, यावर ती नसते. फुटलं तर खाली किती जीव, किती घरं जातील, यावर असते. शहाणपणाची गोष्ट आहे. मग दारातच मीटरपट्टी घेऊन का उभे राहता? नाल्याकाठी आज अठरा घरं आहेत, अंगणवाडी आहे. बंधारा झाला तेव्हा तिथं एक गोठा होता.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केलेली. तेव्हाचे मंत्री म्हणाले, खेकड्यांनी पोखरलं. ते तरी सरकारी धरण होतं. आमच्या बंधाऱ्याला तर फाईलच नाही.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. खालची घरं मोजा, बाभळी मुळासकट काढून भराव ठोकून घ्या, खर्च मालकाचा. गोण्यांना मात्र ठरावाची वाट बघणार नाही. मृग निघायच्या आत मालकानं काढल्या तर ठीक, नाहीतर आम्ही काढू. बोट गाळात बसली तर बसली.