डिझेलमधली बाटली आणि खरं दुखणं

सध्या बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरजवळ एक माणूस हमखास भेटतो. हातात बाटली. ‘टाकीत ओता, ॲव्हरेज वाढेल, नोझल साफ राहील.’ 300 रुपयांची बाटली, 50 लिटरला पुरते म्हणे.

आधी हिशोब करू. लिटरमागे 6 रुपये झाले. डिझेल 90 च्या आसपास धरलं तर नुसती बाटली फिटायलाच 50 लिटरमागे सव्वातीन लिटरपेक्षा जास्त डिझेल वाचायला हवं. एवढा फरक तर वाफसा असलेलं रान आणि कडक रान यांतच पडतो. मग वाचवलं कुणी, बाटलीने की वाफशाने?

दुसरं म्हणजे, डिझेलात औषध आधीच असतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं. त्यात गंधक किलोला जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणाही कमी होतो, आणि ट्रॅक्टरचा डिझेल पंप तर डिझेलवरच वंगण घेतो. म्हणून वंगणपणा वाढवणारं रसायन कंपनीकडूनच मिसळलेलं येतं. त्याची घासण्याची चाचणी असते, खूण 460 मायक्रॉनच्या आत यावी लागते. ‘नवीन डिझेल कोरडं आहे’ म्हणत जळकं ऑइल टाकीत ओतणारे आहेत, त्यांनी तर हात आवरावाच. त्यातली काजळी आणि धातूचा चुरा थेट फिल्टरमध्ये.

सगळीच रसायनं फसवी असतात असं मी म्हणत नाही. लडाखच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून वेगळं डिझेल मिळतं, ते खरोखर कामाचं. आपल्याकडे तशी थंडी कुठाय?

आपलं खरं दुखणं पाणी. पावसाळ्यात ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर आठ-आठ दिवस उभा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं आणि तळाशी बसतं. डिझेल आणि पाणी जिथं टेकतात तिथं जंतू वाढतात, काळा चिकट गाळ होतो, फिल्टर तुंबतो. आणि ‘पाणी जिरवणारी’ बाटली असेल तर जपून. डिझेलात मिसळलेलं पाणी बाउलमध्ये खाली बसत नाही, ते पुढे नोझलपर्यंत जातं.

त्यापेक्षा संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवा. सकाळी चालू करण्याआधी बाउलचा खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढा, चहा उकळेपर्यंत होतं काम. ड्रममधलं डिझेल हलवलं असेल तर लगेच ओतू नका, रात्रभर बसू द्या आणि तळाचं घेऊ नका. 300 रुपये खर्चायचेच असतील तर चांगल्या फिल्टरवर खर्च करा.

कुणी बाटली वापरून मोजलं असेल तर खाली लिहा. पण नुसतं ‘फरक पडला’ नको. टाकी काठोकाठ भरून किती एकर, कुठलं अवजार, कुठला गिअर, रान कसं होतं, सगळं टाका.