विश्लेषण : दुचाकीचा धूर महाग, कोळशाचा स्वस्त, असं का?

पिंपळगाव राजाहून खामगावला दुचाकीनं जाणारा शेतकरी कार्बन कर भरतो का? कागदावर नाही, भारतात त्या नावाचा करच नाही. पण हिशेब मांडला की वेगळंच चित्र दिसतं.

पेट्रोलवर किती?
एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे २१.९० रुपये झालं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे किलोमागे साडेनऊ रुपये. राज्याचा व्हॅट वेगळाच.

कोळशावर किती?
२०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला. २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

म्हणजे कर वाढला? नाही. समजा, कोळसा टनाला १,५०० रुपये आहे. आधी त्यावर ४७५ रुपये कर होता, आता २७० रुपये. टनाला सुमारे ३,०७७ रुपयांपेक्षा स्वस्त असलेल्या कोळशावरचा कर कमीच झाला. आणि स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा जास्त राखेचा. तो एक टन जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोमागे १८ पैसे!

पेट्रोलच्या करातून रस्तेही होतात, हे मान्य. तरी पन्नासपट फरकाचं समर्थन कसं करणार?

मग उपाय काय?
सगळ्याच इंधनांवर सरसकट नवा कार्बन कर लावला, तर आधीच भरणाऱ्याच्या खिशावर आणखी ताण येईल. गावात दुसरी सोय नसेल, तर दुचाकी थांबणार नाही; धूरही फारसा घटणार नाही.

त्यापेक्षा कोळशावर किमतीनुसार नव्हे, कार्बननुसार कर हवा. अर्थात वीज जीएसटीबाहेर आहे. त्यामुळे पारससारख्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशावरचा कर वळता होत नाही, तो शेवटी आपल्या बिलात उतरतो. पण महाराष्ट्रात घरगुती वीजबिलावर १६ टक्के वीज शुल्क आहे. कोळशातून आलेला पैसा ते कमी करायला वापरला, तर धुराला किंमत लागेल आणि घरचं बिलही आवाक्यात राहील.

अडचण एकच. जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात, वीज शुल्क मात्र राज्याचं. त्यामुळे ही सांगड जीएसटी परिषदेतच घालावी लागेल.