पीसीबीचा पहिला नमुना: स्वस्त कारखाना की योग्य कारखाना?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा आधी दात पाहतो, चालवून पाहतो, मग भावाचे बोलतो. मोबाइलवरून सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, मागवताना मात्र अनेक तरुण थेट भावाच्या रकान्यावर जातात. शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर किंवा ठिबकचा टायमर बनवू पाहणाऱ्यांना ही घाई महागात पडू शकते.

कारखाना नेमके काय तपासतो?

डिझाइन झाले की कारखान्याला 'गर्बर' फाइल्स पाठवतात. तांब्याचे थर, सोल्डर मास्कचा हिरवा लेप, अक्षरांची छपाई आणि भोके, प्रत्येकाची फाइल वेगळी. रेषा फार बारीक नाही ना, भोक कडेला आले नाही ना, हे कारखाना पाहतो. सर्किट चालेल का, ते सुरक्षित आहे का, हे तपासणे साधारणपणे त्याचे काम नसते. ४१५ व्होल्टच्या रेषा आणि मोबाइल मॉड्यूलची बाजू यांत पुरेसे अंतर ठेवणे ही डिझाइन करणाऱ्याचीच जबाबदारी. रात्रीची वीज आल्यावर ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

दिसणारा भाव आणि पडणारा भाव

चिनी संकेतस्थळांवरचा पाच बोर्डांचा भाव मोहात पाडतो. त्यावर कुरिअर, आयजीएसटी आणि कस्टम्सचा खर्च चढतो. शिवाय मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या पीसीबीवर अँटी-डंपिंग शुल्क लावले. उत्पादकानुसार दर वेगळा, कमाल ३० टक्के. देशात गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स अशा कंपन्या थोड्या नगांची ऑनलाइन ऑर्डर घेतात. पुण्यातही पीसीबीचे कारखाने आहेत. त्यामुळे तुलना घरपोच किमतीची आणि दिवसांची करावी. पहिल्या नमुन्यात बदल निघतातच. दुसऱ्या फेरीचे दिवसही आधीच धरावेत.

ऑर्डरआधी विचारा

• मटेरियल एफआर-४ आहे का? आगरोधक यूएल ९४ व्ही-० दर्जा लेखी मिळेल का?
• तांब्याचा नेहमीचा थर १ औंस, म्हणजे ३५ मायक्रॉन. जास्त करंटसाठी २ औंस मिळेल का?
• प्रत्येक बोर्डची ओपन-शॉर्ट चाचणी दरात धरली आहे का?
• फाइलमध्ये शंका आली तर फोन करणार, की परस्पर बदल करणार?
• पुढे ५०० नग याच मटेरियलमध्ये मिळतील का?

मग निवड कशी करावी?

पाच व्होल्टवर चालणारा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर शिकण्यासाठी बनवायचा असेल, तर सर्वांत स्वस्त बोर्ड घ्यायला हरकत नाही. बिघडला तर पन्नास-शंभर रुपयांचे सुटे भाग जातील. पंपाच्या वीजपुरवठ्याला जोडायचा बोर्ड मात्र पुढे विक्रीचे नग जो कारखाना बनवणार, त्याच्याकडूनच पहिल्यापासून घ्यावा. एका कारखान्याच्या बोर्डवर चाचण्या करून दुसऱ्याचा बोर्ड शेतात बसवला, तर त्या चाचण्यांचा भरवसा राहत नाही. विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला पेटीच्या आतला बोर्ड तपासता येत नाही. ती तपासणी बनवणाऱ्यानेच करायची असते, आणि तिची सुरुवात कारखाना निवडण्यापासून होते.