आडनाव काय तुमचं?

नवीन ऑफिस जॉइन केलंत की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. नुसतं 'राहुल' सांगून भागत नाही. समोरचा दोन सेकंद थांबतो, गोड हसतो आणि विचारतो, "राहुल... पुढे?" भाड्याने फ्लॅट शोधत असाल तर ब्रोकर हे बजेटच्याही आधी विचारतो. आणि वसईत राहत असाल तर आडनाव म्हणजे अख्खा बायोडेटाच की! वर्तक, म्हात्रे, डाबरे, लोपीस... घर कुठल्या आळीत आणि घरात सण कोणते, हे ऐकणारा मनातल्या मनात भरून मोकळा होतो.

माझी एक मैत्रीण सोमवार ते शनिवार अंधेरीत नोकरी करते आणि रविवारी सकाळी वसईत नववी-दहावीच्या मुलांना चित्रं दाखवते. मागे तिने विषय घेतला होता वर्णभेद. मुलांची तयारी पाच मार्कांपुरती झकास होती : दक्षिण आफ्रिका, मंडेला, २७ वर्षं तुरुंग, शेवटी सगळं छान! तिने काहीच न बोलता अर्नेस्ट कोलने काढलेला एक फोटो लावला. तुडुंब भरलेली ट्रेन, बाहेर लोंबकळणारी माणसं. पोरं एका सुरात ओरडली, "विरार लोकल!"

इथेच खरी गंमत आहे. आपली गर्दी कोणी कायदा करून केलेली नाही, ती होती. काळ्या माणसाने शहरात राबायचं, पण राहायचं मात्र लांबच्या वस्तीत. खिशात पास नसेल तर अटक. गाड्यासुद्धा वेगळ्या. १९४८ पासून ही सरकारी पॉलिसीच होती. कोल स्वतः काळा. त्याचं मूळ आडनाव कोले. त्याने ते 'कोल' करून घेतलं आणि सरकारी दफ्तरात स्वतःची नोंद 'काळा'ऐवजी 'मिश्रवर्णीय' अशी बदलून घेतली. तेवढ्याने त्याला फिरायची जरा मोकळीक मिळाली, म्हणून तर हे फोटो निघाले! १९६६ मध्ये तो देश सोडून गेला, १९६७ मध्ये 'हाउस ऑफ बॉन्डेज' हे पुस्तक अमेरिकेत आलं आणि त्याच्या स्वतःच्या देशात त्यावर बंदी आली. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो गेला, मंडेला सुटल्यानंतर आठवड्याभरातच.

"बिच्चारा," मुलं म्हणाली. लांबच्या माणसाला बिच्चारा म्हणणं सोपं असतं.

मग तिने दुसरं चित्र लावलं, सवी सावरकरांचं. (नाही, ते सावरकर नव्हेत. हे १९६१ साली नागपुरात जन्मलेले दलित चित्रकार. आडनावावरून बायोडेटा भरणाऱ्यांची इथे छान विकेट पडते!) जाड, काळ्या, ओरबाडल्यासारख्या रेषा. एक माणूस. गळ्यात मडकं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. मागे झाडू, स्वतःची पावलं स्वतःच पुसण्यासाठी. काळ पेशवाईचा, गाव पुणे.

वर्गात एकदम शांतता. वसईच्या पोरांसाठी पेशवाई म्हणजे चिमाजी अप्पा, म्हणजे १७३९, म्हणजे पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला. तिथेच तर सगळ्यांच्या पिकनिक होतात. एक मुलगा उसळून म्हणाला, "मॅडम, हे खोटं आहे."

मला तिचं हेच आवडतं, की तिने त्याला गप्प बसवलं नाही. हे नियम किती काळ आणि कुठे कुठे चालले यावर इतिहासकार वाद घालतात, हेही तिने सांगून टाकलं. मग सांगितलं की १९३६ साली लाहोरच्या सभेसाठी बाबासाहेबांनी एक भाषण लिहिलं. आयोजकांना ते झेपलं नाही, सभाच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात हे मडकं आणि झाडू दोन्ही आहेत. किल्ला जिंकणं खरं असेल तर हे का खरं नसेल, असं तिने विचारलं आणि उत्तरासाठी ती थांबली नाही.

शेवटी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. नाव न घालता एक प्रश्न लिहायचा. बऱ्याच जणांनी 'चित्रकाराला भीती नाही वाटली का?' असं काहीबाही लिहिलं. एका चिठ्ठीत होतं, 'आमच्या बिल्डिंगमध्ये कामवाल्या मावशींना मोठ्या लिफ्टने यायला बंदी आहे. हे यात धरायचं का?' आणि एकीत नुसतंच, 'मी शाळेत आडनाव सांगायचं टाळतो.'

अक्षर कोणाचं ते तिने ओळखलं. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मुक्ता साळवेंचा निबंध आहे. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली ही मुलगी. निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला १८५५ साली, तेव्हा ती १४ वर्षांची होती. म्हणजे या पोरांच्याच वयाची. उसळलेला तो मुलगा येणार का, असं मी विचारलं. त्याने निबंधाची झेरॉक्स आधीच मागून नेलीय म्हणे.