हरिणीचे महिने कोण मोजतो?



ईयोबाच्या पुस्तकाच्या 39 व्या अध्यायात परमेश्वर ईयोबाला विचारतो, की हरिणी किती महिने गाभण असते हे तू मोजतोस काय? ईयोबाकडे उत्तर नव्हते. आज अमेरिकेत यलोस्टोनच्या डोंगरांत काही माणसे असलीच मोजदाद करत असतात.

एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातले थोराड हरीण. उन्हाळाभर ते उंचावर चरते. बर्फ पडू लागले की कळप खालच्या खोऱ्यांत उतरतात. तेव्हा पांढऱ्या बर्फावर ते उठून दिसतात आणि विमानातून त्यांची गणती होते. काही माद्यांच्या गळ्यात पट्टा असतो. तो उपग्रहामार्फत ठिकाण कळवतो. जनावर बराच वेळ हलले नाही तर वेगळा इशारा येतो, आणि ते कशाने मेले हे पाहायला कोणीतरी बर्फ तुडवत जाते. 1970 साली हा प्रयोग पहिल्यांदा झाला तेव्हा पट्टा सुमारे दहा किलोंचा होता. बिचारी हरिणी!

रानाची काळजी देव घेतो, आपण कशाला लुडबुड करावी, असे काही विश्वासणारे म्हणतात. दावीद राजाच्या शिरगणतीचे काय झाले ते आठवा, असेही एकाने मला सुनावले. मला ते पटत नाही. दावीदाला आपले बळ पाहायचे होते. मेंढपाळ मोजतो तो कोण कमी आहे हे पाहायला.

यलोस्टोनच्या उत्तरेकडील कळपात 1994 मध्ये सुमारे 19,000 एल्क मोजले गेले. 2013 मध्ये 4,000 सुद्धा भरले नाहीत. मधल्या काळात, 1995 मध्ये, तिथे लांडगे पुन्हा आणून सोडले होते. सगळा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे होते. पाहणीतून कळले की पाडसे खाणारी अस्वले, उद्यानाबाहेरची शिकार आणि दुष्काळ यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय झाडीतले एल्क विमानातून दिसत नाहीत, आपला आकडा अपुरा आहे, हे मोजणारे स्वतःच सांगतात. मला हे फार आवडले.

आमच्या मंडळीच्या कुटुंबांची वही माझ्याकडे असते. वार्षिक सभेत मी एकूण आकडा वाचतो, लोक टाळ्या वाजवतात. आमची एक विधवा बहीण पाच महिने उपासनेला आली नव्हती. मला ते तिच्या शेजारणीकडून कळले. वहीत तिचे नाव होतेच, म्हणून आकड्यात ती कधी कमी झालीच नाही. काल तिच्या घरी जाऊन आलो. गुडघे धरले आहेत, चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. येत्या रविवारी दोघे तरुण रिक्षा घेऊन तिला आणायला जाणार आहेत.